मुक्तनाट्य, ध्वनिमुद्रिका आणि बाजार : शाहीर साबळे यांच्या प्रयोगशीलतेचा पुनर्विचार

१. प्रश्नाची मांडणी

शाहीर कृष्णराव गणपतराव साबळे (१९२३–२०१५) यांच्या कार्याचा विचार करताना १९६० हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. राजा बढे यांनी लिहिलेले आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या या पर्वाशी निगडित आहे. साबळे यांच्या आवाजाने ते घरोघरी पोहोचले. याच वर्षी साबळे यांनी 'यमराज्यात एक रात्र' हे मुक्तनाट्य रंगभूमीवर आणले आणि 'मुक्तनाट्य' ही संज्ञा मराठी नाट्यव्यवहारात रूढ होऊ लागली. गीत ध्वनिमुद्रिकेवर काही मिनिटांत मावणारे होते. मुक्तनाट्य मात्र एक रात्रभराची करमणूक म्हणून उभे राहणारे, प्रेक्षकांच्या प्रतिसादावर वाढणारे-घटणारे होते. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्याच्या अधिकृत रूपात दोन कडवी असून त्याचा कालावधी १ मिनिट ४१ सेकंदांचा आहे. मुक्तनाट्ये मात्र आज प्रामुख्याने जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीत आणि नाट्येतिहासातील नामोल्लेखांत उरली आहेत.

एकाच कलावंताच्या दोन आविष्कारांचे भवितव्य इतके भिन्न का झाले? एक अधिक सकस आणि दुसरा कमी सकस होता, असे उत्तर सहज देता येईल. परंतु ते पुरेसे नाही. लोककलावंताच्या कोणत्या निर्मितीला टिकण्याची संधी मिळते, हे तिच्या गुणवत्तेइतकेच तिच्या विक्रीयोग्य आकारावरही अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. व्यावसायिक दडपणाचा विचार आपण बहुधा 'अभिरुची बिघडली' या अंगाने करतो. अभिरुचीच्या आधी येणारे एक दडपण आहे, ते काळाचे. बाजार शाहिराकडे प्रथम अश्लीलता मागत नाही, तो सुटा तुकडा मागतो. साबळे यांच्या प्रयोगशीलतेचे स्वरूप या मागणीच्या संदर्भात तपासून पाहणे हा येथील हेतू आहे.

२. शाहिरी आणि बिदागी

आरंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शाहिरी परंपरा पूर्वी निर्मोही होती आणि पुढे पैशाने तिला ग्रासले, असे चित्र इतिहासाला धरून नाही. अफजलखानवधावरील अज्ञानदासाच्या पोवाड्यापासून पेशवाईतील रामजोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ यांच्यापर्यंत शाहिराचा आश्रयदात्याशी संबंध होता. पोवाडा ऐकवावा आणि बिदागी घ्यावी, हा या परंपरेचा व्यवहारच होता. तमाशाच्या फडात दौलतजादा होता, फडमालकाची उचल होती आणि जत्रेची सुपारीही होती. नारायणगावला हंगामाच्या तोंडावर फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावची पंचमंडळी येऊन खेळ ठरवतात, तोही एक बाजारच होय. म्हणून 'कला विरुद्ध पैसा' अशी मांडणी येथे उपयोगी पडत नाही.

प्रश्न पैशाचा नसून पैसा कशाबद्दल दिला जातो याचा आहे. बिदागी संपूर्ण प्रसंगाची असे. ती शाहिराच्या गायनाबरोबरच त्याच्या हजरजबाबीपणाला, झीलकऱ्यांच्या साथीला आणि त्या रात्री त्या गावात जे घडले त्याला मिळे. पाटलाचे नाव कवनात गुंफले गेले, गावच्या भांडणावर बतावणीत कोटी झाली, एखादा चौक लोकांनी पुन्हा म्हणायला लावला, तर तो सारा त्या व्यवहाराचाच भाग होता. कालमर्यादा होती ती उजाडण्याची. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण, नभोवाणी आणि तिकिटाचे नाट्यगृह यांनी या व्यवहाराचे मापच बदलले. पैसा आता प्रसंगाबद्दल न मिळता वस्तूबद्दल मिळू लागला, आणि वस्तूला निश्चित लांबी-रुंदी असावी लागते.

३. तीन मिनिटांची चौकट

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये आरंभ झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. साबळे यांची पिढी या तबकडीच्या काळातच घडली. ही मर्यादा अभिजात संगीतालाही होती. तथापि तिचा आघात शाहिरी वाङ्मयावर वेगळ्या प्रकारे झाला. ख्याल गाणाऱ्याने तीन मिनिटांत रागाचे संक्षिप्त रूप दाखवले तरी राग ओळखू येतो. पोवाड्याचे तसे नाही. पोवाडा हा कथनप्रकार आहे. त्याची रचना चौकाचौकांनी पुढे सरकते आणि दोन चौकांच्या मध्ये शाहिराचे गद्य निवेदन येते. या निवेदनातच तो ऐतिहासिक प्रसंगाचा वर्तमानाशी सांधा जोडतो. तीन मिनिटांची कात्री चालवायची झाली तर सर्वांत आधी जाते ते हे निवेदन. त्यानंतर कथेचे आडवळण जाते. शेवटी उरतात ते धृपद, ठेका आणि आवेश.

याचा परिणाम असा झाला की ध्वनिमुद्रित पोवाडा 'वीरश्रीचे गीत' म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि पुढील पिढ्यांनी पोवाड्याचे लक्षणच 'आवेशपूर्ण गायन' असे करून टाकले. डफ आणि तुणतुण्याच्या साथीला वाद्यवृंद आला, झीलकऱ्यांचा 'कोरस' झाला. झीलकरी हा मूळच्या रचनेत केवळ सूर धरणारा नसतो. 'मग काय झालं?' असे विचारणारा, शाहिराला अडवणारा, श्रोत्यांचा प्रतिनिधी म्हणून तो उभा असतो. तबकडीवर त्याचा आवाज राहिला, प्रश्न गेला.

भारुडाचेही असेच झाले. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावरील उतारा सत्त्वगुणाचा, हा अर्थ शेवटाकडे उलगडत जातो. सोंगाच्या गमतीतून श्रोत्याला त्या अर्थापर्यंत नेण्यासाठी सादरकर्त्याला अवधी लागतो. अवधी आखडला की सोंग राहते आणि उतारा निसटतो. साबळे यांनी भारुडे नव्या श्रोत्यांपर्यंत नेली, हे त्यांचे कार्य मोठेच आहे. परंतु सुट्या गीताच्या स्वरूपात भारूड ऐकणाऱ्यास ते विनोदी गाणे वाटले तर दोष श्रोत्याचा नाही.

४. 'मुक्त' कशापासून?

या पार्श्वभूमीवर मुक्तनाट्याचा प्रयोग पाहिला पाहिजे. साबळे यांच्यापूर्वी आणि त्यांच्या समकाळात तमाशाच्या रूपाला नवे वळण देण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न दिसतात. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार चळवळीच्या गरजेतून तमाशाचे 'लोकनाट्य' केले. सुशिक्षित लेखक-नटांनी तमाशाचा बाज घेऊन नागर नाटक लिहिले, हा दुसरा प्रयत्न. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) हे त्याचे सर्वाधिक यशस्वी उदाहरण. पहिल्या प्रयत्नामागे पक्ष आणि चळवळ होती, दुसऱ्यामागे व्यावसायिक नाट्यगृह आणि लेखकाची संहिता.

साबळे यांची जागा या दोहोंच्या मधली आहे. साने गुरुजींच्या सहवासाचा संस्कार त्यांच्यावर होता. प्रबोधन हे त्यांना कलेचे प्रयोजन वाटत होते. परंतु त्यांच्या पाठीशी पक्षाची यंत्रणा नव्हती, आणि नाटककाराची बंदिस्त संहिता त्यांच्या स्वभावाला मानवणारी नव्हती. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय', 'आबुरावाचं लगीन', 'माकडाला चढली भांग' अशी त्यांच्या मुक्तनाट्यांची शीर्षके पाहिली तरी त्यांची जात लक्षात येते. यमलोकासारखी पुराणातली चौकट घ्यायची आणि तीत आजचा माणूस उभा करायचा, किंवा म्हणीला नाट्याचे रूप द्यायचे, ही बतावणीची आणि सोंगाड्याची जुनी रीत येथे नव्या विषयांसाठी वापरलेली आहे.

'मुक्त' या शब्दाचा अर्थ येथे तिहेरी घेता येईल. तमाशाच्या गण-गौळण-बतावणी-वग या ठरीव क्रमापासून हे नाट्य मुक्त आहे. त्यातील घटक हवे तसे घ्यावेत, हवे तेथे ठेवावेत. अंक-प्रवेशांच्या बंदिस्त नाट्यरचनेपासून ते मुक्त आहे. तिसरा अर्थ आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. ध्वनिमुद्रिकेने शाहिराकडून काढून घेतलेले गद्य निवेदन, झीलकऱ्याचा प्रश्न, प्रसंगोचित कोटी आणि लांबण या साऱ्यांना मुक्तनाट्याने पुन्हा जागा करून दिली. राजा मयेकर आणि सुहास भालेकर यांच्यासारखे नट या प्रयोगांतून लोकांपुढे आले, ते याच मोकळ्या जागेच्या बळावर. आयत्या वेळी वाक्य सुचणे हे तेथे नटाचे भूषण होते. तबकडीसाठी गाणारा गायकच रंगमंचावर तबकडीबाहेरचे सारे परत मिळवू पाहत होता, असे या प्रयोगाचे वर्णन करता येईल.

५. तिकीट, संहिता आणि प्रतिसाद

मुक्तनाट्याची वाट निर्वेध नव्हती. त्यापुढील पहिली अडचण कायद्याची होती. महाराष्ट्रात सार्वजनिक नाट्यप्रयोगाची संहिता परिनिरीक्षणासाठी आगाऊ सादर करावी लागते. लिखित नाटकाच्या बाबतीत हा नियम जाचक असला तरी अर्थपूर्ण असतो. जे वाक्य उद्या रात्री सुचणार आहे ते आज कागदावर कसे मांडायचे, हा मात्र मुक्तनाट्यासमोरचा तात्त्विक पेच होता. संहिता सादर करायची आणि प्रयोगात तिच्याभोवती खेळायचे, हाच त्यातला व्यवहार्य मार्ग. त्यामुळे मुक्तनाट्याची जी लिखित संहिता उपलब्ध होईल ती प्रयोगाचा सांगाडाच असेल, हे अभ्यासकाने गृहीत धरले पाहिजे.

दुसरी अडचण तिकिटाची. नाट्यगृहाचे भाडे तासांवर ठरते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला शेवटची गाडी गाठायची असते. जत्रेत रात्रभर चालणारा खेळ नाट्यगृहात ठरावीक तासांचा होतो. तरीही दोन-अडीच तास हा तीन मिनिटांच्या तुलनेत भरघोस अवधी होता, आणि साबळे यांनी तो पुरेपूर वापरला. मुंबईतील 'आंधळं दळतंय' (१९६६) या मुक्तनाट्याचे उदाहरण येथे बोलके आहे. मराठी माणसाला स्वतःच्या शहरात वाटणारी उपेक्षा हा त्याचा विषय. शिवसेनेच्या स्थापनेच्या त्या वर्षात या प्रयोगाला केवळ करमणुकीचे मोल राहिले नाही. त्यातील भूमिकेची चिकित्सा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. भाषिक अस्मितेचा प्रक्षोभ आणि परक्याविषयीचा रोष यांच्यातील सीमारेषा तेथे नेहमीच सांभाळली गेली असे मानण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरते इतके नोंदवणे पुरे, की हे सामर्थ्य सुट्या गीतात आले नसते. ते प्रेक्षक आणि नट यांच्यातील देवाणघेवाणीतून निर्माण झाले होते.

याच सामर्थ्यात मुक्तनाट्याची मर्यादाही दडलेली आहे. त्या त्या वेळच्या प्रश्नाशी ते इतके घट्ट बांधलेले असते की प्रश्न मागे पडला की प्रयोगही जुना होतो. शिवाय ते पुनरुत्पादित करता येत नाही. गीताची तबकडी लाखभर घरांत जाऊ शकते. मुक्तनाट्याला दर वेळी नट, वाजंत्री, प्रवास आणि जेवणखाण यांचा खर्च नव्याने करावा लागतो. बाजाराच्या हिशेबात हा तोट्याचा धंदा आहे. कोणी खलनायक नसतानाही एखादा कलाप्रकार मागे पडतो तो असा.

६. 'लोकधारे'चा विरोधाभास

साबळे यांच्या उत्तरायुष्यातील सर्वाधिक गाजलेला उपक्रम म्हणजे 'महाराष्ट्राची लोकधारा'. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी, धनगर, पोतराज, भारूड, लावणी असे महाराष्ट्राचे लोकाविष्कार एका रंगमंचावर एकामागून एक सादर करणारा हा कार्यक्रम. शहरात वाढलेल्या पिढीला संबळ, दिमडी आणि चौंडके यांचा नाद त्याने ऐकवला. अनेक तरुण कलावंत त्यातून घडले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री हे साबळे यांना लाभलेले सन्मान लोककलेच्या क्षेत्रातील त्यांच्या एकूण कार्याची पावती होते.

तथापि रचनेच्या दृष्टीने पाहता लोकधारा ही मुक्तनाट्याच्या उलट दिशेने जाते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. गोंधळ हा कुळाचार आहे. चौक मांडणे, देवतांना आवाहन करणे, आख्यान लावणे आणि पहाटे आरतीने सांगता करणे असा त्याचा रात्रभराचा विधी असतो. लोकधारेत तो काही मिनिटांचा नृत्य-गीतप्रसंग होतो. वासुदेवाची फेरी पहाटेची. येथे ती दिव्यांच्या प्रकाशात एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जाते. मुक्तनाट्याने ज्या सुटेपणाला नकार दिला होता, तोच लोकधारेचे रचनातत्त्व बनला.

हे परिवर्तन केवळ कलावंताच्या इच्छेने झाले नाही. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि ठरावीक मिनिटांच्या रंगीबेरंगी प्रसंगांची मागणी वाढली. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले; त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही, आणि बतावणीतली खोच चटकन पकडणारा, गावाशी नाते टिकवून असलेला प्रेक्षक विखुरला. नव्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला लोककला हवी होती, पण ओळख म्हणून, स्मरणरंजन म्हणून. कॅसेटच्या एका बाजूस तीस मिनिटे मावत होती. देवतांच्या कथा-आख्यानांसाठी तिचा उपयोग झालाही. तरी 'लोकगीते' या सदराखाली बाजाराने पुन्हा तीन-चार मिनिटांची गाणीच एकापुढे एक रचली. यावरून दिसते की कालमर्यादा आरंभी यंत्राची होती, पुढे ती सवयीची झाली. यंत्राने मोकळीक दिली तेव्हाही बाजाराने आणि श्रोत्याने जुनेच माप वापरले.

यावर आक्षेप असा येऊ शकेल, की लोकधारा नसती तर हे आविष्कार शहरी पिढीच्या कानावर पडलेच नसते. तुकडा का होईना, टिकला. हा आक्षेप बिनतोड वाटतो, आणि त्यातील सत्यांश मान्य केलाच पाहिजे. फक्त जे टिकले ते नेमके काय, हे सांगण्याची जबाबदारी अभ्यासकावर येते. टिकले ते चाल, वेश आणि ठेका. विधी, कथन आणि संवाद टिकले नाहीत. साबळे यांनी तडजोड केली असे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. मोठ्या पथकाचा संसार चालवणाऱ्या कलावंताने जे शक्य होते ते वाचवले, असे म्हणणे अधिक उचित.

७. नाव आणि मालकी

बाजाराच्या मापाचा आणखी एक परिणाम श्रेयनिर्देशात दिसतो. ध्वनिमुद्रिकेला गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे लागतात. लोकपरंपरेतील रचना या रकान्यांत बसत नाही. मग तेथे 'पारंपरिक' असा शिक्का येतो. ज्या गोंधळ्याकडून वा मुरळीकडून चाल मिळाली तिचे नाव त्या शब्दाखाली गाडले जाते. साबळे यांच्या पत्नी भानुमती या स्वतः कवयित्री होत्या आणि त्यांच्या गीतांचा साबळे यांच्या कार्यक्रमांत मोठा वाटा होता. मात्र शाहिराच्या नावाच्या तेजात गीतकर्तीची ओळख किती जणांपर्यंत पोहोचली, हा प्रश्न स्त्रीसाहित्याच्या अभ्यासकांनीही हाती घ्यावा असा आहे. झीलकरी आणि ढोलकीपटू तर बहुतेक वेळा निनावीच राहिले.

भारतीय प्रतिलिप्यधिकार कायदा १९५७ चा; सादरकर्त्याच्या हक्काला त्यात स्थान मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनावरील हक्क अधिक बळकट झाला. लोककलावंताच्या उमेदीची वर्षे त्याआधीच उलटून गेली होती. शिवाय कायदाही 'कृती'चा विचार करतो, 'प्रसंगा'चा नाही. बतावणीत आयत्या वेळी सुचलेल्या कोटीचा मालक कोण, या प्रश्नाला त्याच्याकडे सोपे उत्तर नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. शाहिरी परंपरेला पैशाचे वावडे कधीच नव्हते. संघर्ष आहे तो संपूर्ण प्रसंगाला मोल देणारा व्यवहार आणि सुट्या तुकड्याला मोल देणारा व्यवहार यांच्यातील. साबळे यांच्या प्रयोगशीलतेचा कळस मुक्तनाट्यात आहे, कारण तेथे त्यांनी नव्या बाजाराची जागा स्वीकारली पण त्याचे माप स्वीकारले नाही. लोकधारेत त्यांनी मापही स्वीकारले, आणि त्या मोबदल्यात लोककलांना नवा प्रेक्षक मिळवून दिला. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मूल्यमापन साकल्याने होणार नाही.

या संदर्भात आपल्या विद्याशाखेचीही एक जबाबदारी आहे. अभ्यासक्रमांत शाहिरी वाङ्मय बहुधा निवडक कवनांच्या रूपाने येते. म्हणजे बाजाराने जी निवड केली तीच आपण वाङ्मयाची निवड म्हणून पुढे शिकवतो. याला पर्याय म्हणून मुक्तनाट्यांच्या परिनिरीक्षणासाठी सादर झालेल्या संहितांचा शोध घेणे, त्या प्रयोगांत काम केलेल्या नट-वादकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, साबळे यांचे 'माझा पवाडा' हे आत्मचरित्र त्या आठवणींच्या शेजारी ठेवून वाचणे, आणि एकाच भारुडाची विधीतील, रंगमंचावरील व ध्वनिमुद्रिकेवरील अशी तीन रूपे ताडून पाहणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी हाती घेता येतील. ही माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत आणि अनेक जण काळाच्या पडद्याआड गेले आहेत. संहितेचा कागद कदाचित आणखी काही वर्षे तग धरेल. ती संहिता रंगमंचावर कशी फुलत असे हे सांगणारा माणूस तेवढा थांबेलच असे नाही.